आधी बर्फ वितळतं तो तुकडा

डिसेंबर सरला, जानेवारीही निम्मा उलटला, तरी बर्फाचा पत्ता नव्हता. देल्फिना रोज सकाळी दार उघडायची आणि कोंबड्या सोडायच्या आधी आभाळाकडं बघायची. आभाळ घासूनपुसून ठेवल्यासारखं निळंभोर. थंडी अशी की विहिरीच्या साखळीला बोटं चिकटावीत, पण ढग म्हणून औषधाला नाही. लांगे मुलखाच्या टेकड्या एकीमागं एक उघड्याबोडक्या बसून राहिलेल्या. "मेल्या, नको असतं तेव्हा कमरेएवढं टाकतोस," ती आभाळाला म्हणायची, "आणि आता मागतेय तर तोंड फिरवून बसलास!"

बर्फाची एवढी वाट शाळेतली पोरंसुद्धा बघत नसतील. पण देल्फिनाचं घोडं त्या बर्फावाचून अडलं होतं.

झालं होतं असं. द्राक्षांची तोडणी संपतासंपता मिलियोकाका गेला. तो तिच्या नवऱ्याचा चुलता. बिनलग्नाचा गडी, दोन कुत्री आणि एक बंदूक एवढाच त्याचा संसार. मागं राहिली ती ब्रिकोता नावाची टेकडी. गावच्या साऱ्या टेकड्यांवर द्राक्षवेलींच्या रांगा, आणि ही एकटी झाडोऱ्यानं माजलेली, कारण काकाला द्राक्षांपेक्षा ससे प्यारे. टेकडी आली दोघा पुतण्यांकडं: थोरला कार्लिन आणि धाकटा बास्तियान, म्हणजे देल्फिनाचा नवरा.

वाटणीची तिथली रीत जुनी. थोरल्यानं वाटे करायचे, धाकट्यानं निवडायचं. आणि निवडायचं म्हणजे नुसतं तोंडानं बोलून भागत नाही. साक्षीदाराच्या देखत धाकट्यानं आपली कुदळ त्या तुकड्यात मारायची. कुदळ एकदा मातीत गेली की मग बायको रडो, भाऊ रुसो, विषय संपला.

कार्लिननं वाटे चोख केले होते, त्यात खोट काढायला जागा नव्हती. एक झऱ्याचा तुकडा: उतार हलका, रस्ता लगत, पाणी हाताशी. दुसरा खडकाचा तुकडा: चढ असा की उभं राहायचं तर एक पाय कायम वाकलेला, माती पांढुरकी, दगडाळ, बैलगाडी वर जायचं नाव नाही. आकारानं दोन्ही सारखे. झऱ्याचा तुकडा सकाळच्या सूर्याकडं तोंड करून, खडकाचा दुपारच्या. मधून टेकडीचा कणा.

पण नुसत्या आकारानं काय होतंय? लांगेत जीव टाकतात तो नेब्बियोलो नावाच्या काळ्या द्राक्षावर. त्याला उबदार उतार लागतो. सगळ्यांची तोडणी आटोपून खोऱ्यात धुकं उतरायला लागलं, की तेव्हा कुठं ते पिकतं, आणि मग त्याची बारोलो नावाची नामी वाइन होते. थंड उतारावर लावायचं दोल्चेत्तो, साधं द्राक्ष. त्याची वाइन रोजच्या जेवणाला झकास, पण ती प्यायला कुणी दुरून येत नाही. ब्रिकोतावर वेली असत्या तर कुठला उतार उबदार ते शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. इथं नुसता झाडोरा. अशा पडीक जमिनीची परीक्षा लांगेतले लोक एकाच तऱ्हेनं घेतात. बर्फ पडू द्यायचं, आणि आधी कुठं वितळतं ते बघायचं. तिथं नेब्बियोलो.

म्हणून देल्फिनानं वाटणीच्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "बर्फ पडल्याबिगर कुदळ पडणार नाही."

"ठीक आहे," कार्लिन म्हणाला होता. "पण मेणबत्त्यांच्या सणापर्यंतच. त्यापुढं मी थांबायचा नाही. चर कधी खणायचे, वेली कधी लावायच्या?"

मेणबत्त्यांचा सण फेब्रुवारीच्या दोन तारखेला. तेव्हा कुणाला वाटलं होतं की हिवाळा असा कोरडा ठणठणीत जाईल!

*

देल्फिनाच्या पडवीत एक पिंप होतं. ओकच्या लाकडाचं, तिच्या बापानं लग्नात दिलेलं. तिच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, त्या पिंपात तिच्या घरची वाइन एकदाही पडली नव्हती. कारण घरची द्राक्षंच नव्हती. सासऱ्याच्या वेली, सासऱ्याचं तळघर, सगळं कार्लिनच्या हातात. बास्तियान थोरल्याच्या वेली छाटायचा, बांधायचा, टोपल्या वाहायचा आणि वर्षाच्या शेवटी थोरला देईल ती वाइन घेऊन घरी यायचा. थोरल्याच्या जोडीतला एक बैल म्हणा ना. तरी देल्फिना दर शरद ऋतूत ते पिंप बाहेर काढायची, कढत पाण्यानं धुवायची, आत गंधकाची वात जाळायची आणि झाकण ठोकून परत ठेवायची. जाऊ रोझिन हसायची. "अगं, उंदरांसाठी एवढं कशाला?"

"उंदरांनासुद्धा स्वच्छ लागतं, जाऊबाई," देल्फिना म्हणायची. पण बोलणं लागायचं.

आता हाताशी अर्धी टेकडी आली होती. उबदार तुकडा मिळाला तर त्या पिंपात नेब्बियोलो पडणार होतं. घरची कुदळ, घरच्या वेली, घरची बारोलो. तिला दुसरं काही नको होतं. आणि हे सारं अडकलं होतं तिच्या नवऱ्याच्या कुदळीत. कारण निवडायचं त्यानं. तिनं नाही.

इथंच तर खरी अडचण होती. बास्तियान वाईट नव्हता. कामाला वाघ. पण थोरल्यासमोर उभा राहिला की त्याचे खांदेच खाली यायचे. कार्लिननं 'हे' म्हटलं की हे, 'ते' म्हटलं की ते.

"दादानं मला खांद्यावर बसवून शाळेत नेलंय," तो म्हणायचा.

"मग आता तुम्ही त्याला जन्मभर खांद्यावर बसवून न्या!" ती फणकारायची.

*

हिवाळ्याच्या संध्याकाळी दोन्ही घरं कार्लिनच्या गोठ्यात बसायची. गाईंच्या उबेला. पुरुष वेली बांधायला वाळुंजाच्या काड्या सोलायचे, बायका मोजे विणायच्या. म्हातारा नोतूही यायचा. तो देवळाची घंटा वाजवायचा आणि गावातल्या बहुतेक वाटण्यांना साक्षीदार असायचा. कानानं जरा कमी ऐकायचा, पण नको ते बरोबर ऐकायचा.

कार्लिन डावखुरा. कोयता डाव्या हातात, वाळुंजाची काडी उजव्या. त्याच्या शेजारी बसलं की दुसऱ्याच्या कोपराला कोपर हटकून लागायचं. पेरणीत बी फेकतानासुद्धा त्याच्या बाजूच्या ओळीत कुणी उभं राहत नसे.

"काय देल्फिना, लिहिलंस का आभाळाला पत्र?" कार्लिननं विचारलं. "काय म्हणतं तुझं बर्फ?"

"वाटेत आहे म्हणतं, भाऊजी."

"गाढवावर बसून निघालंय वाटतं!" आणि सगळा गोठा हसला. गाईसुद्धा हसल्यासारख्या वाटल्या. "मी म्हणतो, कशाला हवं ते? झऱ्याचा तुकडा बघ. लोण्यासारखी माती. पाणी दारात. मी धाकटा असतो तर डोळे मिटून कुदळ मारली असती."

देल्फिनानं सुया खाली ठेवल्या. हा माणूस मिलियोकाकाबरोबर दर हिवाळ्यात ब्रिकोतावर सशांमागं हिंडलेला. बर्फ आधी कुठं वितळतं ते याला पक्कं ठाऊक असणार. आणि हा झऱ्याच्या तुकड्याची एवढी वाखाणणी करतोय. म्हणजे त्याला तो आमच्या गळ्यात मारायचाय? की मी असा विचार करीन आणि खडकाचा घेईन, म्हणून मुद्दाम वाखाणतोय? विचार करून करून तिचं डोकं दुखायला लागलं.

"तुम्हाला कुठला आवडतो, भाऊजी?" तिनं सरळच विचारलं.

"मला? मला काय, उरेल तो," कार्लिन म्हणाला आणि काडी सोलत राहिला.

रोझिन चुलीतली राख एका लाकडी पेटीत भरून ठेवत होती. हिवाळाभर राख साठवायची आणि मार्चमध्ये तिचं पाणी काढून घरातल्या साऱ्या चादरी धुवायच्या, हे तिथल्या बायकांचं मोठं धुणं. रोझिनच्या चादरी गावात सगळ्यात पांढऱ्या, आणि ते ती कुणाला विसरू देत नसे. "हात लावू नका हं कुणी," ती पेटीवर झाकण ठेवत म्हणाली. "नुसत्या वेलींच्या काटक्यांची आहे. कोळशाचा कण नाही त्यात."

"लहानपणी आम्ही आईची राख चोरायचो," बास्तियान मधेच म्हणाला. तो सहसा बोलायचा नाही, म्हणून सगळे थांबले. "बर्फ पडलं की दादा अंगणात राख फेकायचा. तिथलं बर्फ आधी वितळायचं. जमीन उघडी झाली की त्यावर दाणे टाकायचे आणि चाळण टेकवून दोरी धरून बसायचं. पाच मिनिटांत चिमण्या!"

"आणि आईच्या हातचा मार," कार्लिन म्हणाला. पण तोही हसला.

"मक्याच्या पोलेंत्याबरोबर काय लागायच्या त्या!" बास्तियानचे डोळे लकाकले. "दादा मला मोठी चिमणी द्यायचा."

देल्फिनानं सुस्कारा सोडला. घ्या! अजून त्या चिमणीचं ऋण फिटायचंय.

*

झाडोरा तोडून झाला होता, पण बुडखे राहिले होते. ते दोघा भावांनी मिळून काढायचे ठरलेले, कारण कुणाचा तुकडा कुठला ते ठरलं नव्हतं. गोठलेल्या मातीत पहार घुसायची नाही. मग बुडख्याभोवती काटक्या पेटवायच्या, माती जरा ढिली करायची, आणि तिघाचौघांनी मिळून मुळं उपटायची. देल्फिनाही पुरुषांच्या बरोबरीनं पहार धरायची. हातांच्या भेगांतून रक्त यायचं. रात्री ती त्यांना डुकराची चरबी चोळायची.

खडकाच्या तुकड्यावर काम करताना तिला जाणवायचं, दुपारी दगडाला पाठ टेकली की दगड कोमट लागतो. "अहो, बघा ना हात लावून," ती बास्तियानला म्हणाली.

"जाळ केलाय ना शेजारी," तो म्हणाला.

खरंच की. तिथं सगळीकडंच जाळ केलेले. दोन्ही तुकडे राखेनं आणि कोळशानं काळेपांढरे झालेले. त्या उबेवर काय भरवसा ठेवायचा! तिनं ते सोडून दिलं.

गावात नाव पडलंच. बेकरीवाली तिला 'बर्फाची नवरी' म्हणायला लागली. पाव घ्यायला गेलं की, "काय गं, नवरा आला का?" देल्फिनाही कमी नव्हती. "आला की आधी तुझ्याच दारात पाठवते," ती म्हणायची. पण घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले असायचे.

सण दोन दिवसांवर आला तेव्हा तिनं भांडण काढलं. पोलेंता ढवळताढवळता लाकडी दांडा कढईवर आपटला.

"परवा बर्फ नाही पडलं तर काय कराल?"

"काहीतरी करीन."

"काहीतरी म्हणजे? दादा बोट दाखवतील तिथं माराल?"

बास्तियाननं चुलीत एक काटकी सरकवली.

"अहो, बोला ना! मला एकदा सांगा, तुम्हाला स्वतःला कुठला हवाय?"

"मला..." तो थांबला. "मला कुणी कधी विचारलंच नाही गं, काय हवंय ते. एकदम कसं सांगू?"

देल्फिनाचा राग जागच्या जागी विझला. तिनं पोलेंता पाटावर ओतला, दोऱ्यानं कापला आणि मोठा तुकडा त्याच्याकडं सरकवला. तिला रडू येत होतं आणि ते येतंय याचाही राग येत होता.

*

सणाच्या आदल्या दिवशी दुपारी वारा पडला. आभाळ राखाडी झालं, खाली आलं, टेकड्यांच्या माथ्यांना टेकलं. गाई हंबरायला लागल्या. आणि दिवस मावळताना पहिला कण देल्फिनाच्या बाहीवर येऊन बसला.

"आलं!" ती अंगणात ओरडली. "अहो, आलं! बेकरीवालीला सांगा कुणीतरी!"

रात्रभर पडलं. फार नाही, चार बोटं. पण सारखं, सगळीकडं. पहाटे थांबलं आणि सकाळी आभाळ मोकळं झालं. सण, सूर्य आणि बर्फ एकाच दिवशी. यापेक्षा माणसानं काय मागावं! देल्फिनानं डोक्याला रविवारचा रुमाल बांधला. बास्तियाननं कुदळ खांद्यावर घेतली. नोतू सकाळची घंटा वाजवून काठी टेकत आला.

कार्लिन त्यांच्या आधीच ब्रिकोताच्या पायथ्याशी उभा होता. बूट ओले, नाक लाल.

"मी मघाशीच वर जाऊन आलो," तो म्हणाला. "झरा गोठलाय का बघायला. चाललाय अजून. म्हटलं तुम्ही यायच्या आत वाट जरा तुडवून ठेवू."

"बरं केलंत, भाऊजी," देल्फिना म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं. थोरला असा आपलेपणानं क्वचित वागायचा.

सूर्य वर येऊन तासभर झाला होता. ते चढून कण्यावर आले आणि देल्फिना थांबलीच. झऱ्याच्या तुकड्यावर बर्फ विरलं होतं! पायवाटेच्या वरच्या अंगाला काळी माती डोकावत होती, पाणी झिरपत होतं. कण्याच्या पलीकडं खडकाचा तुकडा मात्र पांढराशुभ्र. एक डाग नाही.

तर झऱ्याचा तुकडा! तिला खडकाचा वाटत होता. चुकलंच म्हणायचं. पण काय बिघडलं? उलट सोन्याहून पिवळं. उतार हलका, पाणी जवळ, आणि ऊनही इथंच. कार्लिन खरं तेच सांगत होता आणि आपण उगाच त्याच्या पोटात शिरून पाप शोधत होतो. तिला थोडी लाज वाटली.

"घ्या," कार्लिन हात पसरून म्हणाला. "तुमचंच नशीब. मी आधीपासून काय म्हणत होतो? मार बास्तियान, कुदळ मार."

"मारा की," देल्फिनाही म्हणाली. तिच्या डोळ्यांपुढं ते पिंप आलं. आता यात नेब्बियोलो, आता आपलं.

बास्तियान पुढं गेला. काळ्या मातीच्या कडेला उभा राहिला. खाली बघितलं. कुदळ खांद्यावरून उतरवली. आणि तिच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून उभाच राहिला.

"काय झालं?" देल्फिनानं विचारलं.

"थांबू जरा," तो म्हणाला.

"थांबू? कशाला?"

"त्या तुकड्यावर अजून ऊन आलं नाही. ऊन दोघांवर पडू दे, मग बघू."

"अरे, आधी वितळेल तो म्हणजे आधी वितळेल तो!" कार्लिनचा आवाज चढला. "आता रीत बदलतोस काय?"

"रीत तीच आहे, दादा," बास्तियान म्हणाला. त्यानं एका दगडावरचं बर्फ बाहीनं झाडलं, तिथं बसला, पोतडीतून पाव आणि खारवलेली मासळी काढली आणि चाकूनं पाव कापायला लागला.

वीस वर्षांत या माणसानं कुणाला थांबवलेलं देल्फिनानं बघितलं नव्हतं. आणि थांबवलं ते आज, हातातोंडाशी आलेला घास सोडून! "अहो," ती त्याच्या कानाशी कुजबुजली, "वेड लागलंय का? डोळ्यांसमोर दिसतंय ना!"

"खा," तो म्हणाला आणि पावाचा तुकडा तिच्या हातात दिला.

नोतूनं सगळ्यांकडं एकेकदा बघितलं आणि तोही बसला. "माझं काही नाही," तो म्हणाला. "मला आता दुपारच्या घंटेशिवाय काम नाही. मासळी उरली असेल तर द्या."

कार्लिन बसला नाही. तो फेऱ्या घालत राहिला. बूट करकरत. मधेच झऱ्यापर्यंत जायचा, परत यायचा. एकदा म्हणाला, रोझिन जेवायला थांबली असेल. देल्फिना पावाचा तुकडा नुसता कुरतडत होती. ती मनात नवऱ्याला शिव्या देत होती, आणि तरी त्याच्या तोंडाकडं बघून तिला काहीतरी वेगळंच वाटत होतं. त्याचे खांदे खाली आलेले नव्हते.

उन्हं कण्यावरून पलीकडं उतरली. आधी खडकाच्या तुकड्याचा वरचा काठ उजळला, मग मधला भाग, मग सगळाच. थोडा वेळ काही झालं नाही. मग दगडांच्या बगलांतून टपटप सुरू झालं. एका दगडावरचं बर्फ आख्खंच्या आख्खं घसरून खाली आलं. पांढुरकी माती इथं दिसली, तिथं दिसली, दिसतादिसता एक ठिगळ दुसऱ्याला जाऊन मिळालं. दुपार होईतो सारा उतार ओला चकचकीत झाला आणि त्यातून वाफ निघायला लागली. देल्फिना उठून उभी राहिली. तिच्या हातातला पाव खाली पडला.

मग तिनं वळून झऱ्याच्या तुकड्याकडं बघितलं. सूर्य सरकला होता आणि कण्याची सावली त्यावर उतरत होती. सकाळी जेवढं वितळलं होतं तेवढंच वितळलेलं. पुढं एक बोटही नाही. झिरपलेलं पाणी काचेसारखं गोठायला लागलं होतं. आणि आता, बर्फावरची चकाकी गेल्यावर, नीट दिसत होतं: वितळलेलं सरसकट नव्हतंच. पट्ट्यापट्ट्यानं होतं, कोयत्याच्या पात्यासारखं वाकडं, एकापुढं एक. शेतात बी फेकत जावं तसं. आणि सगळे वाक डाव्या हाताचे.

तिच्या डोक्यात एकदम उजेड पडला. तिनं तोंड उघडलं. अशा अशा शिव्या तिच्या जिभेवर आल्या की नोतूला त्या पहिल्यांदाच ऐकू गेल्या असत्या. पण बास्तियान उठला होता. तो सावकाश चालत त्या काळ्या पट्ट्यांत गेला, वाकला आणि चिमूटभर काहीतरी उचलून त्यानं तळहातावर चोळलं. राख. बारीक, मऊ, कोळशाचा कण नसलेली. त्यानं तळहात तसाच उघडा ठेवून भावाकडं बघितलं.

"दादा," तो म्हणाला, "चिमण्या कुठायत?"

कार्लिननं ऐकलं. त्याच्या तोंडचा रंग उडाला आणि मग परत आला, कानांपर्यंत. तो काहीतरी बोलणार होता. पण बास्तियानच्या आवाजात राग असता तर त्याला उत्तर देता आलं असतं. राग नव्हता. अंगणात दोरी धरून बसलेलं पोर जसं विचारतं, तसं त्यानं विचारलं होतं.

"सकाळी बघताक्षणी ओळखलं मी," बास्तियान म्हणाला. "तुझी फेक मी विसरेन होय? पण म्हटलं, तूच सांगशील. म्हणून थांबलो."

कार्लिननं बुटाच्या टोकानं राखेवर बर्फ ओढलं.

बास्तियान कणा ओलांडून पलीकडं गेला. एक पाय वाकवून त्या चढावर उभा राहिला. कुदळ डोक्यावर उचलली आणि जीव खाऊन मारली. दगडावर ठिणगी उडाली, आणि दुसऱ्या घावाला पातं पार मातीत बुडालं.

"हा," तो म्हणाला. "मला हा हवाय."

"ऐकलं," नोतू म्हणाला. "आणि बघितलंही." त्यानं टोपी काढली, परत घातली आणि घंटा वाजवायला निघाला.

देल्फिनाला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही. ती चढावर धावतच गेली, घसरली, गुडघ्यावर आपटली, उठली. "आणि मी म्हणत होते, मारा मारा," ती म्हणाली. "वाट लावली असती मी आपली."

"लावली असतीस," तो म्हणाला. त्याला लपवूनही हसू लपत नव्हतं.

खालून, रस्त्याच्या वळणावरून, आरडाओरडा ऐकू आला. रोझिन येत होती. बर्फात स्कर्ट दोन्ही हातांनी वर धरलेला, डोक्याचा रुमाल सुटलेला. "माझी राख कुणी नेली?" ती लांबूनच किंचाळत होती. "अख्खी पेटी रिकामी! हिवाळाभराची राख! आता चादरी काय, त्या मेल्या चोराच्या डोक्यावर धुऊ?"

कार्लिन वळून झऱ्याच्या बाजूनं दुसऱ्याच वाटेनं खाली निघाला.

*

त्या संध्याकाळी देल्फिनानं आपल्या चुलीमागची राखेची पेटी उचलली. भरलेली होती, जड. अंगण ओलांडून ती जावेच्या दारात गेली आणि पेटी उंबऱ्यावर ठेवली. आत कार्लिन जेवत होता. पाठ दाराकडं.

"हे काय गं?" रोझिन म्हणाली. तिचे डोळे सुजलेले. नवऱ्यानं सांगितलं असावं, किंवा तिनं ओळखलं असावं.

"चादरींना घ्या, जाऊबाई. तुमची आमच्या कामी आली."

रोझिननं पेटीत हात घालून बघितला, चांगली आहे का. मग बाजूला होऊन तिनं दार पूर्ण उघडलं. देल्फिनानं आत बघितलं. कार्लिननं मान वळवली नव्हती, पण त्याचा चमचा थांबला होता.

"भाऊजी," ती म्हणाली, "सोमवारपासून आम्ही खडकावर चर खणायला घेतोय. बुडखे दोघांनी मिळून काढायचे ठरले होते. वरच्या काठाला अजून चार राहिलेत."

गोठ्यातून गाईच्या साखळीचा आवाज आला.

"पहार माझी आणतो," कार्लिन भिंतीकडं बघत म्हणाला. "तुमची वाकडी आहे."

देल्फिना परत आली ती थेट पडवीत गेली. पिंप बाहेर ओढलं, आडवं केलं आणि बुक्की मारून बघितली. आतून आवाज पोकळ आला. वेलींना द्राक्षं धरायला अजून तीन-चार वर्षं तरी लागणार होती. तरी तिनं पाणी तापत ठेवलं.